चौकशीच्या दिवशी काढलेले कप

अझैबा, मस्कत
१२ जानेवारी २०१३

चि. कल्पनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांच्या कंपनीच्या पोस्टबॉक्समध्ये चार दिवस पडून होतं. इथे पोस्टमन दारात येत नाही, हे तुला कितीदा सांगितलं असेल, तरी तू पाकिटावर हौसेने बिल्डिंगचा नंबर घालतेस. काल हे गाला भागातल्या ऑफिसातून येताना घेऊन आले. मी चहा टाकून ठेवला आणि आधी पत्र फोडलं.

वाचून मात्र चहा गेला नाही, ते खरं सांगते. अस्मिताला तू सरकारच्या बालसंगोपन योजनेत घातलंस? रमणची मुलगी! आपला रमण गेला, त्याच्या आदल्या वर्षी त्याची बायको गेली, पण म्हणून पोर काही उघड्यावर पडलेली नाही. तिच्या दोन आत्या धडधाकट आहेत. महिना चारशे पंचवीस रुपयांसाठी आपण आठ वर्षांच्या मुलीला अनाथ म्हणून लिहून द्यायचं? अप्पा असते तर त्यांनी काय म्हटलं असतं?

तू एकटी कारखान्यात गणपती रंगवून घर चालवतेस, मला दिसत नाही का? मी इथे सगळ्यांना सांगते की माझी धाकटी बहीण पेणला आर्टिस्ट आहे. जूनमध्ये मी महिनाभर येतेय. तेव्हा बसून बोलू. तोवर त्या लोकांना आणखी काही लिहून देऊ नकोस.

आमच्या सिस्टर फिलोमिना सांगायच्या की पत्र असं लिहावं, जे पोस्टमनने वाचलं तरी आपल्याला लाज वाटू नये. तुझं हे पत्र मी ह्यांना दाखवलं नाही.

अस्मिताच्या गालाचा पापा घे. तुझ्यावर माया आहे म्हणूनच रागावले.

तुझी,
ताई

●

पेण
९ फेब्रुवारी २०१३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर या वेळी नुसता पोस्टबॉक्स घातला आहे. खूश?

सिस्टर फिलोमिना मला माहीत नाहीत. कॉन्व्हेंटची फी अप्पांना एकीचीच झेपत होती आणि थोरली तू होतीस. आमच्या नगरपालिकेच्या शाळेत पत्र कसं लिहावं ते शिकवलं, पण लाजेचा धडा नव्हता.

आता नीट ऐक. मी तिला अनाथ करून घेतलेली नाही, ती आहेच. ज्या मुलांना आईबाप नाहीत, त्यांना नातलगांनी किंवा दुसऱ्या कुटुंबाने सांभाळलं तर सरकार थोडा हातभार लावतं. वर्षातून एकदा ही योजना चालवणाऱ्या संस्थेच्या बाई घरी येतात, मुलगी जेवते का, शाळेत जाते का, अंगावर वळ नाहीत ना, सगळं बघतात. मग बालकल्याण समिती पुढच्या वर्षाचा हुकूम काढते. त्या हुकमात लिहिलं आहे की ही मुलगी तिच्या आत्याच्या घरी राहील. पैसे उशिरा येतात. पण मी ताप येऊन पडले तर या मुलीचं काय, हे विचारायला त्या बाई बांधलेल्या आहेत. दुसरं कोण आहे?

आणि सरकारचं एक बरं आहे. पैसे मिळाले का, म्हणून ते चारचौघांत विचारत नाही.

चौकशी जूनमध्येच असते. ताई, हात जोडून सांगते, त्या दिवशी तू शेजारी कलावतीकाकूंकडे जाऊन बस. सोन्याच्या बांगड्या घालून पुढे येऊ नकोस. एवढंच कर.

अस्मिता विचारते की मस्कतला उंटावरून शाळेत जातात का. मी हो म्हणून ठेवलं आहे. भाऊजींना नमस्कार. रागाच्या खाली असलेली माया पोचली.

कल्पना

●

अझैबा, मस्कत
२० जुलै २०१३

चि. कल्पनास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. इथे दार उघडलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं. तू पनवेल स्टेशनपर्यंत सोडायला आलीस, पण सगळी वाट खिडकीबाहेर बघत बसलीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

मी काय वावगं केलं, तूच सांग. कलावतीकाकूंकडे मी गेलेच होते. खिडकीतून पाहिलं, त्या बाई उन्हातून चालत आलेल्या, आणि तू त्यांना कान तुटलेल्या कपात चहा देत होतीस. मी सोनेरी काठाचे सहा कप इथून कपड्यांत गुंडाळून आणले होते, ते तू मुद्दाम फळीच्या मागे लपवलेले. मला राहवलं नाही. आपल्या घरी आलेल्या माणसाला चांगल्या कपात चहा द्यायचा नाही, ही कुठली रीत? मी आले, कप काढले, सोबत बदाम ठेवले. त्यांनी आपुलकीने विचारलं की आपण कोण, तर मी खोटं सांगायचं? म्हटलं, मी मुलीची थोरली आत्या, मस्कतला असते, तिला आमच्याकडून कधी काही कमी पडणार नाही. त्या बाई किती खूश झाल्या! म्हणाल्या, सगळ्याच मुलांना अशी आत्या मिळाली तर आमचं काम उरणार नाही. त्यांनी कागद पुढे केला की खर्चाची जबाबदारी मी घेते, त्यावर मी सही केली. हो, तू मागून माझा पदर ओढलास. मला कळलं होतं.

आता मदत बंद झाली म्हणून तू मला बोलतेस. अगं, त्यांची मदत गरजवंताला जाईल. आपण गरजवंत नाही. अस्मिताला मी इंग्रजी शाळेत घालणार, फी माझी. जिल्हा परिषदेची शाळा पुरे झाली. माझ्यासारखं शिक्षण तिला मिळालं पाहिजे, जे तुला मिळालं नाही, ज्याचं मला काय वाटतं ते मी कधी बोलत नाही. प्रवेशाचे पैसे आजच एक्सचेंजमधून पाठवते.

ह्यांनीही मान डोलावली आहे. रुसवा सोड आणि दोन ओळी टाक.

तुझी,
ताई

●

पेण
७ डिसेंबर २०१४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फीचे पैसे मिळाले. दीड वर्षात एकदाही चुकले नाहीत, हे मी कबूल करते. लिहून देते म्हण.

तुझी भाची आता शू-लेसला शू-लेसच म्हणते. परवा कारखान्यात माझा डबा घेऊन आली आणि एकनाथशेठना थँक्यू अंकल म्हणाली. सगळे रंगवणारे हसले, शेठ लाजून आत गेले. मी डोळ्यांची आखणी करत असले की ती मागे उभी राहते, श्वास रोखून. म्हणते की डोळे उघडले की बाप्पा आपल्याकडे बघतो, तोपर्यंत आपण त्याच्याकडे. ही रमणची बुद्धी आहे, शाळेची नाही. शाळेने तिला तुमचं पुस्तकी वागणं दिलं. जेवताना पाणी मागताना प्लीज म्हणते. मी देते.

माझी पाठ धरते अलीकडे. वाकून काम, दुसरं काय? रात्री अस्मिता पाठीवर उभी राहून चालते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

तुझे सोनेरी कप मी आता रोज वापरते. लपवायचं कोणापासून? चौकशीला कोणी येत नाही. खरं सांगू, कधी कधी त्या बाई आठवतात. अस्मिताला जवळ घेऊन नखं बघायच्या.

भाऊजींना नमस्कार. असंच प्रेम असू दे. या वेळी हे नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही.

कल्पना

●

अल हैल, मस्कत
१८ नोव्हेंबर २०१५

चि. कल्पनास,
अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता बघून चक्रावली असशील. अझैबाची जागा सोडली. तिथे विमानांचा फार आवाज व्हायचा, आणि आम्ही दोघंच, एवढ्या खोल्या झाडायच्या कशाला? इथे समुद्र पायी जाण्याइतका जवळ आहे. सकिना आणि नूरुद्दीन ह्यांच्या घराचा एक भाग आम्ही घेतला आहे. ते रत्नागिरीकडचे. सकिना आपल्याच वयाची, तिची कोकणी आणि माझी पुस्तकी मराठी, दिवसभर आमची जुगलबंदी चालते. तिला स्वयंपाकाची हौस, मलाही. गाल्याच्या गॅरेजमधली ओळखीची मुलं जेवायला येतात, बिचारी घरापासून लांब असतात.

ह्यांची तब्येत बरी आहे. सध्या ऑफिसला रोज जात नाहीत, इतकी वर्षं केलं, आता जरा सवडीने. तेलाचे भाव उतरल्यामुळे सगळेच अर्बाब, म्हणजे इथले मालक लोक, हात आखडून आहेत, पण ह्यांच्यासारख्या अनुभवी अकाउंटंटला कोण सोडतंय?

या सत्राची फी पाठवायला थोडा उशीर होतो आहे. एक्सचेंजच्या मशिनीत काही बिघाड आहे म्हणतात. शाळेत तू सांग, मस्कतहून पैसे निघाले आहेत. मस्कत म्हटलं की ते थांबतात.

पत्र आता कंपनीच्या पोस्टबॉक्सवर टाकू नकोस. नूरुद्दीन ह्यांच्या पोस्टबॉक्सचा नंबर मागे लिहिला आहे.

संध्याकाळी कोळी जाळी ओढतात, ते बघत बसते. तू आणि मी अलिबागच्या किनाऱ्यावर फ्रॉक वर धरून उभ्या होतो, तो फोटो तुझ्याकडे आहे का गं? असला तर जपून ठेव.

तुझी,
ताई

●

पेण
२३ फेब्रुवारी २०१६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अजून मशीन दुरुस्त झालेली दिसत नाही.

विनोद पुरे. माझ्या पाठीचा मणका सरकला आहे. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, नाहीतर डावा पाय जाईल. कारखान्यात जाऊन दोन महिने होत आले. एकनाथशेठ भले आहेत, पण भलेपणाला हंगाम असतो. शाळेने अस्मिताला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. तिने मला सांगितलं नाही, दुसऱ्या मुलीच्या आईने सांगितलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत परत घालते म्हटलं, तर ती रडली नाही, बूट पुसत बसली.

मी रिक्षाने संस्थेत गेले. बाई त्याच आहेत, त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, फाइल पुन्हा उघडता येईल, अस्मिता तुमच्याकडेच राहील, ऑपरेशनच्या काळात कोणी देखरेखीला येईल, हेही त्या बघतील. पण फाइलमध्ये तुझ्या सहीचा कागद आहे, की खर्चाची जबाबदारी मस्कतच्या आत्याची. तो असेपर्यंत समिती म्हणणार की सांभाळणारं माणूस आहे. तेव्हा तू दुसरा कागद पाठवायचा, आता मला हा खर्च झेपत नाही म्हणून. तिथल्या वकिलातीचा शिक्का हवा. एवढंच.

तुला खरंच झेपत नाही की तुझ्या मनात नाही, ते मी विचारत नाही. कागदावर तेवढं लिही. मे महिन्याच्या आत पाठव, समितीची बैठक तेव्हा आहे.

ताई, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. तू दिलंस ते तू दिलंस.

कल्पना

●

अल हैल, मस्कत
१४ एप्रिल २०१६

चि. कल्पनास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दुखण्याचं वाचलं. ऑपरेशनची घाई करू नकोस, आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. मला उठून यावंसं वाटतं, पण बँकेची काही कामं अडकली आहेत, ती संपल्याशिवाय ह्यांना निघता येत नाही, आणि ह्यांना एकट्याला ठेवून मी कशी येऊ?

त्या कागदाबद्दल मी ह्यांच्याशी बोलले. ते जेवणाच्या ताटावरून उठले. म्हणाले, या वकिलातीत मला अर्धी माणसं ओळखतात, महाराष्ट्र मंडळाचा मी दोनदा खजिनदार होतो, आणि माझी बायको तिथे रांगेत उभी राहून भाचीचा खर्च झेपत नाही म्हणून शिक्का घेणार? तू त्यांच्या जागी असतीस तर काय म्हणाली असतीस? पुरुषमाणसाचं मन सांभाळावं लागतं, तुझा त्याच्याशी कधी संबंध आला नाही म्हणून तुला ते सोपं वाटतं.

मी वेगळा मार्ग सुचवते. शाळेच्या मुख्य बाईंना मी स्वतः इंग्रजीत पत्र लिहिते. असल्या शाळांत भाषेला मान देतात. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, मग ह्यांचे अडकलेले पैसे आले की सगळं एकदम पाठवते. इन्शाल्ला, सकिना म्हणते तसं.

सकिनाचा मुलगा हमझा पुढल्या महिन्यात गावी निघाला आहे. मुद्दाम पेणला उतरून तुला भेटेल. त्याच्याबरोबर खजूर, अस्मिताला रंगाची पेटी आणि तुला एक पातळ देते आहे. रिकाम्या हाताने कुणाला पाठवायचं नाही.

देवावर हवाला ठेव. माझा जीव तुमच्या दोघींत आहे.

तुझी,
ताई

●

पेण
१९ जून २०१६

सौ. किशोरीताईस,
नमस्कार.

हमझा येऊन गेला. गुणी मुलगा आहे. मी अंथरुणावरून उठू शकत नव्हते, तर त्यानेच चहा केला. सोनेरी कपात.

मी त्याला एवढंच विचारलं की आमची ताई कशी आहे. त्याला काय ठाऊक की तू लपवलं आहेस! तो सांगत गेला. भाऊजींची नोकरी गेल्या वर्षी मे महिन्यातच गेली. कंपनीने हिशेब दिला नाही, बँकेचं कर्ज फिटेपर्यंत देशाबाहेर जायची बंदी आहे. तुम्ही त्यांच्या घराच्या मागच्या एका खोलीत राहता. तू गॅरेजमधल्या मुलांचे डबे करतेस, हाताला भाजलं आहे. तो म्हणाला, किशोरीखाला कधी रडत नाहीत, अम्मीला त्यांचं फार वाटतं. आणि हे सगळं असताना तू उधारीवर खजूर आणि पातळ घेऊन पाठवलंस.

मी रडले. तुझ्यासाठीच रडले, हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला ते खरं वाटणार नाही.

मे महिन्यात समिती बसली. बाईंनी तुझ्या कागदाची चौकशी केली. मी म्हटलं, नाही आला. त्या म्हणाल्या, मग तुम्ही आजारी, मिळकत नाही, आणि फाइलप्रमाणे मस्कतची आत्या सांभाळते पण प्रत्यक्षात सांभाळत नाही, अशा घरी मुलीला ठेवा असं मी कसं लिहू? त्यांचं चुकलं नाही. आठ जूनला अस्मिताला बालगृहात नेलं. कलावतीकाकूंनी तिची वेणी घातली. मला ते जमलं नाही, उठून बसता येत नाही. जाताना तिने पाया पडून मला थँक्यू म्हटलं. तुझ्या शाळेचं शिक्षण.

तुझ्याकडे पैसे नव्हते, याचा मला राग नाही. आपल्या घरात कुणाकडे होते? पण तीन वर्षांपूर्वी तुझी श्रीमंती तू आमच्या दारात येऊन, मी पदर ओढत असताना, दाखवलीस. आणि आता तुझी गरिबी माझ्या उपयोगाची होती, ताई. एका कागदावर चार ओळींत मावली असती. तेवढ्यावर मूल माझ्याकडे राहिलं असतं. तू मला तीसुद्धा दिली नाहीस.

रंगाची पेटी मी बालगृहात पाठवली. पातळ परत पाठवत नाही, हमझाला ओझं नको.

ऑपरेशन सत्तावीसला आहे. पत्राची वाट बघणार नाही.

कल्पना

●

अल हैल, मस्कत
१७ जुलै २०१६

कल्पना,

तुझं पत्र हमझानेच ईदनंतर परत येताना आणून दिलं. सोबत कागद आहे. वकिलातीचा शिक्का आहे. मी एकटीच गेले होते, ह्यांना सांगून गेले. खिडकीपाशी मंडळातल्या बाई भेटल्या. कशाला आलीस, विचारलं त्यांनी. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि वाचू दिला.

ह्यांनी तीन दिवस स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेतलं. काल त्यांनी पहिल्यांदा डबे घेऊन गाल्याची बस पकडली.

तुझं ऑपरेशन कसं झालं, हे मला कोण कळवणार? कलावतीकाकूंना एक ओळ लिहायला सांग. अस्मिताचा पत्ता दे. कागद संस्थेच्या बाईंना लगेच दे, मी हमझाच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवते आहे, पोस्टाने वेळ जाईल.

आशीर्वाद देण्याइतकी मोठी मी राहिले का, ते तू ठरव.

किशोरी

●

बालगृह
४ सप्टेंबर २०१६

प्रिय मोठी आत्या,
साष्टांग नमस्कार.

कल्पनाआत्याने कलावतीआजींकडून निरोप पाठवून तुला पत्र लिहायला सांगितलं आहे. ती स्वतः लिहिणार होती पण तिला अजून बसून लिहिता येत नाही. तिचा डावा पाय आता थोडा हलतो. कलावतीआजी तिला जेवण देतात.

तुझा कागद पोचला. इथल्या बाई म्हणाल्या की कागद अगदी बरोबर आहे, फक्त उशीर झाला. आता आत्या स्वतः चालायला लागली की परत अर्ज करायचा, मग चौकशी होईल, मग समिती बसेल. तोपर्यंत मी इथे आहे. इथली शाळा मराठी आहे. मला वाचता येतं पण हळू येतं, मुली हसतात, आता कमी हसतात.

रंगाची पेटी मिळाली. थँक्यू. ती ऑफिसच्या कपाटात ठेवली आहे. मोठे साहेब बघायला येतात त्या दिवशी ती काढतात, आणि नव्या चादरी पण काढतात, आणि स्टीलची नवी ताटं. साहेब गेले की सगळं परत आत. आमच्या घरी उलटं होतं. बाई यायच्या तेव्हा कल्पनाआत्या चांगले कप लपवायची आणि त्या गेल्या की काढायची. मी इथल्या एका मुलीला हे सांगितलं तर तिला खरं वाटलं नाही.

गणपती येताहेत म्हणून मी बाप्पाचं चित्र काढलं. डोळे केले नाहीत. ते कल्पनाआत्या करेल.

इथे जेवण चांगलं असतं. मला घरची आठवण येत नाही. मी खूप मजेत आहे. आमची पत्रं बाई आधी वाचतात आणि मग पाकीट चिकटवतात. मी आजींकडूनच कल्पनाआत्याला विचारलं की मग मोठ्या आत्याला कसं कळणार? ती म्हणाली, तू लिही, तिला असली पत्रं बरोबर वाचता येतात, तिने खूप लिहिली आहेत.

काकांना नमस्कार.

तुझी आज्ञाधारक भाची,
अस्मिता